स्थळ क्रमांक एक

तलाव ८८. सारसांची जोडी आज परत आली. पिल्लू एकच. मागल्या साली दोन होते.

तलाव १३. कुंदाच्या लग्नात नेलेले भाताचे तीन मोठे गंज अजून परत आले नाहीत. ज्याच्या घरी असतील त्यानं न लाजता आणून द्यावेत. नावं विचारणार नाही.

खेकडा माती उकरतो तेव्हा आवाज होतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही.

तलाव १५०. पाण्यातलं देवधान पिकलं. उद्या सकाळी कापायला डोंगे न्यायचे.

तलाव ३७. पाळ फुटली. माणसं सुखरूप. दोन बैल गेले.

स्थळ १. हे नमुना पान आहे. हे पुसून टाका आणि लिहायला सुरुवात करा.

आज पाळीवर गेलो नाही. पाय चालत नाही. कोणी तरी जाऊन गिलास धरा.

*

या सगळ्या ओळी एकाच यंत्रात राहतात.

साकोलीत, पूर्वी बियाण्यांचं दुकान होतं त्या खोलीत, तलाव संघाचं कार्यालय आहे. कोपऱ्यात लोखंडी पेटीएवढं एक यंत्र. त्यात प्रणाली एकच, एकदाच बसवलेली, आणि तिच्यावर दोनशे बारा तलावांची दोनशे बारा संकेतस्थळं चालतात. लग्नात आचारी एक, भट्टी एक, पण पत्रावळ ज्याची त्याच्यापुढे, तसं. प्रत्येक तलावाचा पत्ता वेगळा, रंग वेगळा, बोली वेगळी, लिहिणारी माणसं वेगळी. आत मात्र कपाट एकच. कपाटात प्रत्येक तलावाला एक खण, आणि एका खणाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

यातली गंमत अशी की दुरुस्ती एकदाच करावी लागते. तलाव ३७ फुटला २०३६ साली. त्याच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पुरलेल्या ध्वनिमापकानं फुटण्याआधीचे अकरा तास ऐकून ठेवले होते. पाण्याबरोबर मातीचे कण सरकायला लागले की सुपात तांदूळ घोळवल्यासारखा बारीक आवाज येतो. तो आवाज या मधल्या प्रणालीला, जिला सगळे ‘गाभा’ म्हणतात, एकदा शिकवला. त्या दुपारपासून दोनशे बारा तलावांना तो ओळखता येऊ लागला. ज्याची पाळ जन्मात कधी फुटली नाही, त्या तलावालाही ती फुटताना कशी वाजेल हे ठाऊक झालं. पाच वर्षांत नऊ पाळी अशा वाचल्या. मालगुजारांच्या काळात तलाव बांधणाऱ्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी गाभ्यालाही एक नारळ फोडला असता.

गाभा सांभाळते प्रणिता वलथरे. वय सेहेचाळीस. माहेरची नान्हे, चिचटोल्याची. ती संघात आली तेव्हा तलाव चौदा होते. त्या चौदा गावांना एकत्र बसवताना सगळ्यात जास्त भांडण एकाच गोष्टीवर झालं: माझ्या तलावाच्या पानावर दुसरं कोण लिहिणार? तेव्हा मासेमारी करणाऱ्या धिवरांच्याच जुन्या रिवाजाचा नियम केला. दुसऱ्याच्या तलावात विचारल्याशिवाय जाळं टाकायचं नाही. म्हणून गाभा वाचतो सगळं, लिहीत कुठेच नाही. त्याला धोका दिसला तर तो मसुदा तयार करून त्या तलावाच्या दारात ठेवतो. तो प्रसिद्ध करणं न करणं तिथल्या अध्यक्षाच्या हातात. प्रसिद्ध झाला की गावात भोंगा वाजतो आणि माणसं पाळीवर येतात.

प्रणिताकडे सगळ्या खणांची किल्ली आहे. तेरा वर्षांत तिनं ती कोणाच्याही खणाला एकदाही लावलेली नाही. या एका गोष्टीवर दोनशे बारा गावं टिकून आहेत.

*

शुक्रवार, ऑक्टोबर २०४१. परतीचा पाऊस तिसऱ्या दिवशीही पडत होता.

सकाळी साडेदहाला नाझिमा काझीनं गाभ्यात एक नवी सुधारणा बसवली. नाझिमा संघातली दुसरी कर्मचारी. प्रणितापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि बोलण्यात चाळीस वर्षांनी मोठी. सुधारणा अशी होती: लोक नोंद करताना घाईत भलत्याच पानावर करून टाकतात. गावाचं नाव तर कोणीच लिहीत नाही, आपल्या घरात आपलं आडनाव कोण सांगतं? तेव्हा नोंदीतला मजकूरच पाहायचा. झाड कुठलं, देऊळ कोणत्या अंगाला, कोणत्या तारखेला पाणी किती हात चढलं. ते प्रत्येक तलावाच्या पाणीपातळीशी ताडून पाहायचं आणि नोंद कोणत्या तलावाची आहे ते ओळखायचं.

चार मिनिटांत गाभ्यानं यादी समोर ठेवली.

“ताई, इकडं या. चहा ठेवा तो.”

“काय झालं?”

“तेरा नंबरवाल्यायचे गंज नव्वद नंबरवर सापडले, ते जाऊ द्या. हे पाहा. दोनशे चौदा नोंदी. सगळ्या एका माणसाच्या. अकरा वर्षं. आणि कुठं, तर स्थळ क्रमांक एकवर.”

स्थळ एक म्हणजे नमुना. नवीन तलाव जोडताना त्याची नक्कल काढतात. तिथं कोणी लिहीत नाही, कोणी वाचत नाही. प्रत्येक स्थळाला एक फोन नंबर असतो. त्यावर बोललं की शब्द नोंद होऊन मसुद्यात जातात. नमुन्यालाही एक नंबर होता, पण नमुन्याचे मसुदे कोण उघडणार?

“कोण्या तलावाच्या?” प्रणितानं विचारलं.

नाझिमानं पडदा तिच्याकडं वळवला. मग म्हणाली, “चौसष्ट. चिचटोला. ताई, बोलणारा दसाराम नान्हे हाये.”

दसाराम नान्हे प्रणिताचे वडील. दोन वर्षांपूर्वी वारले. वारले तेव्हा गाव त्यांना खोटारडा म्हणत होतं.

*

गावानं तसं म्हणायचं कारण साधं होतं. दसाराम पाळीचे राखणदार होते. रोज पाळ चालायची आणि पावसाळ्यात दर आठवड्याला काय दिसलं ते फोनवर सांगायचं, एवढं काम. चौसष्टच्या पानावर त्यांच्या पहिल्या दोन वर्षांच्या नोंदी आहेत. पुढं एकही नाही. २०३४ साली त्यांचाच मुलगा राजहंस सहकारी संस्थेचा अध्यक्ष झाला. भर सभेत त्यानं वडिलांना विचारलं, बाबा, सहा वर्षं झाली, तुम्ही लिहीत काहून नाही? दसाराम म्हणाले, लिहितो ना, दर हप्त्याले बोलतो फोनवर, फोनमधली बाई म्हणते ‘नोंद जतन झाली’. मुलानं पान उघडून सगळ्यांना दाखवलं. कोरं. दसारामांचा फोन बटणांचा, त्यात दाखवायला काही नव्हतं. राखणदारी गेली. बापलेकांचं बोलणं गेलं. प्रणितानं वडिलांची बाजू घेतली म्हणून भावाबहिणीचंही.

आता दोनशे चौदा नोंदी पडद्यावर होत्या. आणि त्यांच्या खाली, गाभ्यानं त्याच मिनिटाला तयार केलेला मसुदा:

*तलाव ६४ साठी. चिंचेजवळ पाळ आतून पोखरलेली असण्याची शक्यता शंभरात एक्याण्णव. सांडव्याच्या फळ्या आज काढाव्यात. खालचा टोला रिकामा करावा.*

काल हीच शक्यता शंभरात बारा होती. चिचटोल्याचा ध्वनिमापक पाळीच्या दुसऱ्या टोकाला पुरलेला. चिंच तिथून दोनशे पावलं. एवढ्या लांबून ते तांदळाचं घोळणं पावसाच्या आवाजात बुडून जात होतं. गाभ्याला कान होता, पण कुठं लक्ष द्यायचं ते माहीत नव्हतं. ते दसारामांनी सांगितलं.

*

“बोल बाई.” राजहंस मोठ्या बहिणीला बाई म्हणतो. सात वर्षांत हा तिसरा फोन असेल.

“राजा, मसुदा पाह्यला काय?”

“पाह्यला. फळ्या काढा म्हणते. दसऱ्याचं पहिलं जाळं पाच दिवसांवर हाये. फळ्या काढल्या तर मासळी काय मी पदरात धरून ठेवू?”

“चिचेजवळ पाळ पोखरली हाये.”

“कोण पाह्यली? तुमचा तो कान तर त्या टोकाले पुरला. मागल्या साली एक्याण्णव नंबरच्या तलावाले असाच ओरडला तुमचा गाभा. त्यायनं फळ्या काढल्या, मासळी ओढ्यात, अन् पाळ अजून उभी हाये. लोक अजून हासतात.”

“या खेपेला माणसानं पाह्यलं हाये. बाबांनी.”

“बाई, मेलेल्या माणसाले मधात नको आणू,” राजहंस म्हणाला आणि फोन ठेवला.

नाझिमा ऐकतच होती. “ताई, खालच्या टोल्यात चाळीस घरं हायेत. किल्ली तुमच्याकडे हाये. लावा. मी कोणाले सांगत नाही.”

“गाभा सांगेल. प्रत्येक बदलाखाली नाव राहते.”

“मंग राहू द्या! नाव मोठं का माणसं?”

प्रणिता खुर्चीतून उठली होती. “मी किल्ली लावली, भोंगा वाजला, तर राजा पाळीवर जाऊन म्हणेल, हे बाहेरून लिहिलं, घरी जा. अन् लोक जातील. भोंगा वाजला म्हणून पाळ वाचत नाही, नाझिमा. फळ्या काढाव्या लागतात, अन् त्या त्यालाच काढायच्या हायेत.” तिनं रेनकोट घेतला. “स्थळ एक कोणाचं?”

“कोणाचंच नाही. म्हणजे… तुमचंच. संपादक म्हणून तुमचंच नाव हाये.”

“मग तिथं लिहायला मला कोणाला विचारायचं नाही. दोनशे चौदा नोंदी प्रसिद्ध कर. तारखा जशाच्या तशा. अन् मला चार वाजेपर्यंत वेळ दे. चारपर्यंत त्यानं ऐकलं नाही, तर किल्ली मी लावते, अन् सोमवारी राजीनामाही मीच लिहिते.”

*

चिचटोला, दुपारी दीड. तलाव तुडुंब. सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट. राजहंसनं तिच्यावर सागवानी फळ्या उभ्या करून पाणी दोन हात जास्त अडवलं होतं आणि पुढं मासळीसाठी जाळी बांधली होती. तो स्वतः तिथंच उभा होता, पोत्याची खोळ घेऊन, बरोबर संस्थेचे सात-आठ जण.

“आली,” तो त्यांना म्हणाला. “दोनशे बारा तलावांची मालकीण. दाब ना बाई बटन. तुले कोण अडवते? आमच्यासारख्याले कायले विचारते?”

“माझ्याकडे दोनशे बारा किल्ल्या हायेत. तलाव एकबी नाही. हा तुझा हाये.”

“मंग इथं काय काम?”

“वाच.” तिनं फोन पुढं केला. “अन् मोठ्यानं वाच. सभा मोठ्यानं घेतली होतीस.”

एक म्हातारा सभासद हसला आणि मग हसणं बरं नाही हे लक्षात येऊन खोकला. राजहंसनं फोन घेतला. दसारामांचा आवाज त्यात नव्हता. आवाज साठवायला त्या काळी जागा पुरत नव्हती. अक्षरं होती.

“‘सतरा जुलै. चिचेपासून बारा पावलं. पाण्याच्या अंगानं खेकड्यायनं घर केलं. भोक मुठीएवढं. लय वर हाये, पाणी तिथवर येत नाही. भेव नाही.’”

त्यानं बोट सरकवलं.

“‘तीन ऑगस्ट. बाहेरच्या अंगानं थोडी झिर हाये. काचेच्या गिलासात धरून पाह्यली. निर्मळ. निर्मळ झिर चांगली, पाळ घाम गाळते. गढूळ आली तर माती चालली समजायचं.’”

“हे कुठं होतं?” तो म्हातारा म्हणाला.

“स्थळ एकवर,” प्रणिता म्हणाली. “दर हप्त्याला बोलत होते. नंबर भलताच लागत होता. आम्ही कधी उघडून पाहिलं नाही.”

राजहंस वाचत राहिला. आता मोठ्यानं नाही, पण ओठ हलत होते, आणि जवळच्या दोघांना ऐकू येत होतं.

“‘दोन सप्टेंबर. सभेत राजा म्हणाला बाबा लिहीत नाही. मी म्हणलो लिहितो. लोक हासले. राखणदारी काढली. उद्या पुन्हा जाऊन पाहीन, पाळीले काय माहीत माझी राखणदारी गेली म्हणून.’

“‘वीस सप्टेंबर. राजानं सांडव्यावर फळ्या बसवल्या. पाणी दोन हात चढलं. मासळी वाढल, डोकं चांगलं हाये त्याचं. पण पाणी आता बिळाले लागलं. सांगाले गेलो, तो बोलला नाही. इथं सांगून ठेवतो. अध्यक्ष हाये तो. वाचल.’”

पुढं पाच वर्षांच्या नोंदी होत्या. बहुतेकांत एकच शब्द: निर्मळ. निर्मळ. निर्मळ. राजहंसनं त्या सगळ्या सरकवल्या नाहीत. शेवटची पाहिली. ती मरणाच्या चार दिवस आधीची होती. ती त्यानं वाचून दाखवली नाही. फोन बहिणीच्या हातात दिला आणि लोकांकडं वळला.

“गिलास आना.”

“कायचा गिलास?”

“काचेचा! चहाचा! कोणाच्याही घरचा!”

*

चिंचेपासून बारा पावलं त्यानं स्वतः मोजली. पाळीच्या बाहेरच्या अंगाला, गवतात, मनगटाएवढी धार लागली होती. वरून कोणाला दिसली नसती. तो चिखलात बसला, गिलास धरला, आणि उजेडाकडं केला.

गिलासात चहा होता. दूध जरा जास्त झालेला चहा, तसा रंग.

त्यानं गिलास गवतात ठेवला. खिशातून आपला फोन काढला, चौसष्टच्या दारात पडलेला मसुदा उघडला, आणि त्याच्या शेवटी एक ओळ स्वतः जोडली: *दसाराम नान्हे यांनी सांगितले आहे.* मग प्रसिद्ध केला. भोंगा वाजला. खालच्या टोल्यातून माणसं बाहेर आली, कोणी कोंबड्या काखेत मारून, कोणी म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन. सांडव्यावरची पहिली फळी राजहंसनं उपसली. पाण्याच्या जोरानं पुढची जाळी तुटली आणि वर्षभर जपलेली मासळी, रोहू, मरळ, सगळी, त्याच्या पायांवरून चमकत निघून गेली.

“पाच दिवस,” कोणी तरी म्हणालं.

“जाऊ दे बापा,” तो म्हातारा म्हणाला. “मासळीले पोहता येते. आपल्या नातवाले अजून येत नाही.”

पाणी दोन हात उतरायला अडीच तास लागले. पाच वाजून दहा मिनिटांनी चिंचेजवळची पाळ बसली. एक बैल आत मावेल एवढी खाच पडली. तिच्या खालच्या कडेपासून पाणी वीतभर खाली होतं. संध्याकाळपर्यंत टोल्यातल्या बायाबापड्यांनी ती मातीच्या पोत्यांनी भरली.

*

तलाव ७१. चिचटोल्याच्या खालचा आमचा तलाव. काल ओढ्यानं तुमची मासळी आमच्याकडं आली. मोजली नाही. आमच्यातली कोणती अन् तुमची कोणती हे मासळी सांगत नाही. दसऱ्याला दोन्ही गावांनी मिळून जाळं ओढावं असं ठरलं. या.

तलाव ७०. आमच्याकडंही थोडी आली. आम्ही खाल्ली. माफी असावी. जाळं ओढायला माणसं पाठवतो.

*

राजहंस सोमवारी साकोलीला आला. त्यानं नाझिमाला विचारलं, बाबाच्या नोंदी आमच्या पानावर आणता येतात काय? एका बटणात येतात, असं ती म्हणाली. त्याला बटण नको होतं. तो खुर्ची ओढून बसला आणि दोनशे चौदा नोंदी एकेक करून, प्रत्येक वाचून, चौसष्टवर घेतल्या. प्रत्येकीखाली लिहिणाऱ्याचं नाव. मधे प्रणितानं त्याच्यासमोर चहा ठेवला तेव्हा त्यानं गिलासाकडं जरा वेळ पाहिलं.

“बाई, शेवटची राहू दे तिथंच. एकवर.”

“काहून?”

“नवीन तलाव जोडता तेव्हा त्या पानाची नक्कल काढता ना?”

प्रणितानं नमुना पानावरची जुनी ओळ पुसली आणि त्या जागी वडिलांची ओळ ठेवली. तेव्हापासून जो तलाव संघात येतो, तो हीच ओळ घेऊन येतो. आणि गाभ्याला गिलासाची रीत एकदा शिकवली, तेवढ्यानं दोनशे बारा गावांचे राखणदार पाळीवर निघताना खिशात काचेचा गिलास ठेवतात. एक चौथी शिकलेला माणूस दोनशे बारा पाळींवर रोज चालतो. हे त्या पेटीएवढ्या यंत्रामुळं होऊ शकतं.

ओळ अशी आहे: आज पाळीवर गेलो नाही. पाय चालत नाही. कोणी तरी जाऊन गिलास धरा.

*

२०२६ ते २०२८ अशी दोन वर्षं, संघ स्थापन होण्याआधी, चाचणीसाठी एकच तलाव घेतला होता, चिचटोल्याचा. स्थळ क्रमांक एक त्याचंच होतं, आणि फोन नंबरही तोच. संघ झाल्यावर चिचटोल्याला चौसष्ट क्रमांक मिळाला, त्या दोन वर्षांच्या नोंदी तिकडं नेल्या, नवा नंबर मात्र दसारामांना कोणी कळवला नाही.